विटेवरचं पाऊल

"रुक्मिनीमातेचं पाऊल हाय ते! त्याच्यावर संडास बांधतं का बे?" भगवंतबुवा खड्ड्याच्या काठावरून वरडला.

"पाऊल कायचं? कमळ हाय कमळ! जुन्या विहारातली वीट हाय. डोळे धुवून पाय," देवमनमामाचा आवाज त्याच्याहून मोठा.

दोघाईच्या मंधात, खड्ड्यात, सुगत टिकास घेऊन उभा. सकाळपासून खंदून हाताले फोड आले, खड्डा कुठी कमरेइतका झाला, तं हे वीट निंगाली. आजच्या दोन विटाएवढी लांब. पाठीवर एक मोठा खळगा अन् त्याच्यासमोर चार बारके. कौंडण्यपुरात असं निंगतेच. टेकडीच्या अंगानं कोनाचंबी आवार खंदा, खापरं, मनी, काहीनाकाही हाती लागते. लोक ते बाजूले सारतात अन् कामाले लागतात. पन आज या दोघाईले दुसरं काम नव्हतं.

"बुवा, मातेले चारच बोटं होते काय?" सुगतनं इचारलं.

"पाचवं झिजलं. किती वर्सं झाले, इचार कर. पांडुरंग विटेवर उभा हाय का नाई? मंग त्याच्या अस्तुरीचं पाऊल विटेवर नाई तं काय छपरावरच्या कवेलूवर राह्यन? माहेर हाय तिचं हे!"

"अन् मामा, कमळाले नखं असतात काय? हे पाय, टोकाले ओरखडे."

"इतिहासाच्या पेपरातून उठून पयालेला पोट्टा मले इतिहास शिकवते! काड्या करू नोको."

सुगतचं डोकस्कं तापलं. पाऊल का कमळ, यावर दोघाईचं मरेलोक जमलं नसतं. पन एका गोष्टीवर झटक्यात जमलं: इथं आता संडास होनार नाई. बुवाले मंदिर पायजे, मामाले पाटी अन् कुंपन.

अन् मनकर्णा, सुगतची माय, पायरीवर बसून गुडघ्याले तेल चोळत सारं आयकून राह्यली होती. टमरेल घेऊन नदीकाठच्या बाभळीत जाची, तं बसल्यावर उठाले कोनाचा तरी हात लागे. त्यात कार्तिकाची जत्रा तोंडावर. जत्रा भरली का काठानं मानसंच मानसं. बाईनं लपावं कुठी?

"दादा, जत्रेच्या आंधी मले आडोसा पायजे," माय म्हने.

"थांब वो बाई. हे मोठं काम हाय," मामा म्हने.

मोठं काम! सुगतनं टिकास फेकला, घरात शिरून सुक्या बोंबलाचं एक डोकं उचललं, अन् कुंपनावरून पलीकडं उडी मारली. पलीकडं बुवाचीच वीटभट्टी. सकाळी थापलेल्या ओल्या विटा रांगेनं वाळत घातलेल्या, अन् सावलीत भुऱ्या कुत्रा पडलेला. भुऱ्या कोनाच्याच मालकीचा नाई, म्हनून साऱ्याईच्या लाथा खाऊन होता. सुगतनं बोंबलाचं डोकं त्याच्या नाकाले लावलं अन् रांगेच्या त्या टोकाले भिरकावलं. भुऱ्या निंगाला तं विटाईवरूनच. थप थप थप.

सुगतनं एक ओली वीट फळीवर घेतली अन् आनून जुन्या विटेच्या बाजूले ठेवली. एक खळगा, चार बारके, टोकाले नखं. इकडं तसंच, तिकडं तसंच.

"बोला आता," सुगत म्हने. "माता का कमळ?"

दोघंबी विटाईवर वाकले. माय लंगडत आली, वाकून पायलं, अन् हासत सुटली.

"म्हंजे तवाबी कोनी बाईनं विटा थापल्या, अन् असंच कुत्रं नाचून गेलं! काय शिव्या हासडल्या असतीन तिनं! राजे गेले, महाल गेले, अन् राह्यलं काय तं कुत्र्याचं पाऊल अन् बाईचं हाड हाड!"

बुवा सरळ होनार थोडाच. "कुत्रं तं कुत्रं. पन धर्मराजासंग सर्गात गेलं, तेबी कुत्रंच होतं."

"अन् विहारात कुत्र्याले भाकर देत नसतीन काय? करुना होती त्याइले," मामा म्हने.

पुन्हा जुंपली. सुगतनं कपायाले हात लावला. तेवढ्यात बुवाची नजर ओल्या विटेवर गेली. पंजाच्या बाजूले साच्यातला 'भ' उमटला होता.

"थांब बे. हे वीट माह्या भट्टीवरची हाय." त्यानं कुंपनापलीकडं पायलं. बोंबील संपवून भुऱ्या आनखी कुठी हाय काय म्हनून दुसऱ्या रांगेवरून वास घेत येऊन राह्यला होता. "अबे! सारी रांग तुडवली!"

मामा हासता हासता खालीच बसला. "बुवा, आता मंदिर तुह्या भट्टीवरच बांध! अन् या विटा इकू नोको बरं, पवित्र झाल्या!"

"कायच्या पवित्र बे! कुत्र्याचे पाय हायेत!"

बोलून झाल्यावर बुवाले समजलं का आपन काय बोललो.

"मिटलं तं," माय म्हने. जुनी वीट पदरानं पुसून तिनं पायरीवर नेऊन ठेवली, टिकास उचलला अन् मामाच्या हातात देल्ला. "दादा, उतर खड्ड्यात."

मामा उतरला. मातीचं टोपलं वर आलं, तवा बुवा सुगतकडं पायत कुंपनाची काठी उपसून राह्यला होता.

"माय," सुगत मांगं मांगं सरकत म्हने, "मले आता निंगा लागते."