एका खोटारड्या डिस्कची परीक्षा

मित्रांनो, मी एक जुनी डिस्क आहे आणि खोटारडी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. "ही माहिती लिहून घे," असं संगणकाने म्हटलं, की मी लिहिण्याआधीच "लिहिली" म्हणून मोकळी होते. काय करणार, कारखान्यातूनच ही खोड घेऊन आले! तेवढ्यात वीज गेली, की माहिती गायब. पहिल्या मालकाने वैतागून मला भंगारात काढलं.

तिथून वहिनींनी मला आणलं. वहिनी आणि त्यांचे धाकटे दीर घराच्या मागच्या खोलीत डिस्कची परीक्षा घेणारा प्रोग्रॅम तयार करतात. तो कोणीही फुकट घ्यावा, उघडून पाहावा, सुधारावा. डिस्कने "लिहिलं" म्हणताक्षणी तो वीज तोडतो, पुन्हा जोडतो आणि लिहिलेलं वाचायला लावतो. लबाडी पकडली जाते की नाही, हे पाहायला माझ्यासारखी पक्की लबाड हवीच. सहा वर्षं मी रोज सकाळी इमानाने नापास होत होते.

एके दिवशी मात्र पडद्यावर हिरवी खूण उमटली. मी पास! मित्रांनो, मी अगदी हुरळून गेले.

वहिनींचा चेहरा उतरला. "भावोजी, ही पास कशी झाली? काय बदललंत?"

"काही विशेष नाही हो, वहिनी. काल दुपारी एवढंच केलं, वीज तोडायच्या आधी एक सेकंद थांबायला सांगितलं. सारखे झटके बसतात बिचारीला. म्हटलं, जरा दम खाऊ दे."

"त्या एका सेकंदात तिने गुपचूप लिहून घेतलं! आणि काल संध्याकाळी याच परीक्षेवर आपण रक्तपेढीला डिस्क निवडून दिली."

कोणत्या पिशवीत कोणत्या गटाचं रक्त आहे, ही सगळी नोंद त्या डिस्कवर जाणार होती. भावोजींनी लगेच फोन लावला. "चूक आमची आहे. डिस्क जोडू नका, मी आलोच."

वहिनींनी तो सेकंद काढून टाकला आणि प्रोग्रॅम घेतलेल्या सगळ्यांना तसं कळवलं. मग आधी माझी परीक्षा झाली. नापास. त्यानंतर रक्तपेढीतून परत आणलेली ती नवीकोरी, चकचकीत डिस्क. तीही नापास!

भावोजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मला हिची दया आली हो."

"येऊ दे की," वहिनी म्हणाल्या, "पण परीक्षेत नको."

मित्रांनो, माझी काळजी घ्यायचीच असेल तर अंगावरची धूळ पुसा, वायर हळू ओढा. नापास होताना मला आजही वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण तिकडे कुणाला तरी रक्त चढत असतं. मला नापासच करा.