तो काच, ती काच

घड्याळाची काच घासायला बसले तेव्हा दुपार टळत आली होती आणि पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. घड्याळ सासूबाईंचं. एचएमटीचं, चावीचं, जुनं. तेरावा उरकला, पाहुणे पांगले. माझी मुलगी उत्कर्षा उद्या पुण्याला परत जाणार होती. "आजीचं घड्याळ मला दे," एवढंच तिनं मागितलं. पण काचेवर इतके ओरखडे की काटे धड दिसेनात. दुरुस्तीवाला म्हणाला, आता अशी काच मिळत नाही. पण काच कसली, प्लॅस्टिकच ते, टूथपेस्टनं घासा, निघतील ओरखडे.

मला कामच हवं होतं. सासूबाई गेल्यापासून मी रडले नव्हते. मागच्या खोलीत नणंद रुक्मिणी कुणाला तरी म्हणाली, "दगड हाय वहिनी, दगड." ते मी ऐकलं आणि चहाचे कप विसळले. सबंध संसार ज्या बाईबरोबर एका ओट्यापुढे काढला ती गेली, आणि माझ्या आत काहीच हलेना. आपण खरंच दगड आहोत की काय, अशी भीती वाटत होती. पण ती भीतीसुद्धा धड जाणवत नव्हती.

कडेच्या स्टीलला चिकटपट्टी लावली. जुन्या बनियनचा तुकडा बोटाला गुंडाळला, त्यावर पेस्टचा ठिपका घेतला आणि गोल गोल घासू लागले.

मी अक्कलकोटची. माहेरी कानडी. आमच्या कानडीत भाकरी, चमचा, बस, सगळं आपलं 'ते'. मराठीत भाकरी बाई आणि चमचा बाप्या, हे कुणी ठरवलं देव जाणे. त्यात सासूबाई म्हणजे मुक्ताबाई, वळसंगच्या शाळेतल्या मास्तरीणबाई. मी लग्न होऊन आले आणि पहिल्याच सकाळी म्हणाले, "आत्या, चहा झाली." त्यांनी डावं मनगट वर केलं आणि उजव्या हातातल्या अंगठीनं घड्याळावर वाजवलं. टक.

"झाला," त्या म्हणाल्या.

वर्गात पोरं चुकली की त्या असंच करायच्या. छडी कधी हातात धरली नाही म्हणे. माझ्यासाठी मात्र शाळा कधी सुटलीच नाही. बस आला. टक. आमटी खारट झाला. टक. पाहुण्यांसमोरसुद्धा टक. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा भडकून मी म्हणाले, "सारखं कशाला वाजवताय? घड्याळाचा काच बघा किती खराब झालाय!"

टक. "झालीय. ती काच. तो काच म्हंजे जाच, सासूचा. तो मी तुला अजून दिला न्हाई की."

दिला नव्हता? रोज सकाळ-संध्याकाळ देत होत्या! पण बोलून त्या स्वतःच हसत सुटल्या, मग मलाही हसू आवरलं नाही.

पेस्ट सुकली, पुसली, पुन्हा लावली. बारीक रेघा आधी गेल्या. मग मधला जाड ओरखडा पुसट होऊ लागला, अंगठी नेमकी लागायची तिथला. हे सगळे माझेच ओरखडे होते. एकेक माझी चूक. आता चहा निघाला, बस निघाली, आमटीही निघाली. हे कळूनही मन कोरडंच. बोट दुखत होतं तेवढंच.

चिकटपट्टी काढली, घड्याळ पुसलं, चावी दिली. काटे लख्ख दिसायला लागले. तेवढ्यात माझे यजमान, भीमाशंकर, चिंचोळीच्या कामावरून घरी आले. मी घड्याळ पुढे केलं.

"बघा, काच कसा स्वच्छ झाला."

खरंच चुकून गेलं तोंडातून.

"व्हय, लई झ्याक झाला की," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. इतकी वर्षं माझं ऐकून त्यांचीही जीभ वळली होती.

उत्कर्षानं घड्याळ मनगटाला बांधलं, हात लांब धरून बघितलं. "मस्तच झाला गं आई!"

मी थांबले. कशासाठी थांबले ते मलाच कळेना. मोरीत नळ वाहत होता, पंखा फिरत होता, आणि कुणीच काही म्हणत नव्हतं.

"आई? काय झालं?"

मी तिचं मनगट धरलं आणि माझ्या अंगठीनं त्या स्वच्छ काचेवर वाजवलं. टक.

"झाली," मी म्हणाले, आणि मग मला आवरेना.