एक सोडून एक

आमच्या घरातले पुरुष भांडत नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. दोन दिवस आदळआपट झाली असती आणि तिसऱ्या दिवशी एकत्र जेवायला बसले असते. हे अबोला धरतात, आणि त्या बाबतीत माझे यजमान आणि धाकटे भाऊजी, दोघंही एकमेकांना हार जाणारे नाहीत.

कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. माझे सासरे पुलावरच्या नाक्यावर टोल घ्यायचे. दिवसभर तांब्याचे पैसे हातातून जायचे. त्यातून त्यांनी प्रत्येक सालाचा एक पैसा वेचून ठेवला होता. चांगला दिसला की स्वतःच्या खिशातला एक गल्ल्यात टाकायचा आणि तो घरी आणायचा. लाकडी खणात प्रत्येकाला वेगळी खोबण. ते गेल्यावर कपाटं, खाट, शिलाई मशीन, सगळं गोडीगुलाबीनं वाटलं गेलं. घोडं अडलं ते या खणापाशी. नाण्यांचा नाद लागलेला यांना, त्यामुळे अख्खी ओळ यांना हवी होती. भाऊजींना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण बाबा काय एकट्या दादाचे होते? शेवटी ते म्हणाले, "एक तुला, एक मला." तशीच वाटणी झाली. एक साल इकडे, पुढचं साल तिकडे. खण आमच्याकडे राहिला, दात पडलेल्या बोळक्यासारखा.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. लग्नाकार्यात समोर आले तरी एक जण माझ्याशी बोलणार आणि दुसरा मुलांशी.

यंदा डॉक्टरांनी यांना छातीच्या ऑपरेशनची तारीख दिली. त्याच आठवड्यात हे आपले पैसे घेऊन बाजारातल्या नाणेवाल्याकडे गेले. विकायचे नव्हतेच. भिंग लावून कुणी वाहवा केली की यांचं पोट भरतं. नाणेवाल्यानं वाहवा केली, पण वर म्हणाला, "काका, अशा तुटक ओळीला कोण विचारतो? मधले आणा. सगळे मिळून किंमत कुठच्या कुठे जाईल."

घरी येऊन यांनी पैसे खोबणीत परत ठेवले. मग म्हणाले, "त्याच्याकडे असतील का गं अजून?"

यांना ओळ पुरी बघायची होती हे खरं. पण ऑपरेशनच्या आधी भाऊ बघायचा होता, हेही तितकंच खरं, आणि ते यांच्या तोंडून सात जन्मात निघालं नसतं. मी फोन केला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, रविवारी येतो. सगळे घेऊन येतो. दादालाच देऊन टाकतो."

भाऊजी नळांच्या कारखान्यात पॉलिश खात्यात आहेत. काळाकुट्ट नळ आत जातो आणि तोंड दिसेल असा बाहेर येतो. चांगली वस्तू म्हणजे चकाकणारी वस्तू, एवढंच त्या माणसाला ठाऊक. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून आले, पिशवी टेबलावर उपडी केली. सगळे पैसे नव्या भांड्यासारखे लखलखत होते.

"जेवणाच्या सुट्टीत एकेक करून चाकावर धरला, दादा. बोटं भाजली, पण सोडला नाही एकही."

जुन्या नाण्याला साधा पदरही लावायचा नसतो, वरचा रंग गेला की किंमत गेली, हे मी संसाराच्या पहिल्या वर्षीच बोलणी खाऊन शिकले होते. मी मनातल्या मनात म्हटलं, अहो, आता जीभ चावा. आयुष्यात एकदा चावा.

नाही चावली.

"काय करून ठेवलंस हे? कातडी सोललीस त्यांची! मातीमोल केलेस सगळे!"

"काळे पडले होते रे..."

"काळे नव्हते ते. तुला कधी कळलंच नाही, आणि कळणारही नाही."

भाऊजींनी पिशवीची घडी केली, खिशात घातली आणि पाण्याचा पेला तसाच ठेवून जिना उतरले.

मग माझा तोल गेला. म्हटलं, "पैशाची कातडी बरी दिसली तुम्हाला. त्याची बोटं नाही दिसली." यांनी सगळे पैसे खोबणीत बसवले. एक तपकिरी, एक लखलखीत. कुठला कुणाचा, हे आंधळ्यानंही सांगितलं असतं. दोन दिवस हे खण ओढायचे, बघायचे आणि आत लोटायचे.

मंगळवारी मी भाजी घेऊन आले तर घरभर पॉलिशचा वास. माझा पितळ घासायचा डबा उघडा, जुन्या बनियनचा बोळा हातात, आणि हे आपले तपकिरी पैसे घासत बसलेले.

"वेड लागलंय का तुम्हाला?" मी हात धरला.

"राहू दे. ओळ एकसारखी तरी दिसेल."

मी खुर्चीत बसले. मला रडूच आलं. राग गेला नव्हता, पण रडू आलं. घासून झाल्यावर यांनी स्वतः फोन लावला. "उद्या ये," एवढंच म्हणाले.

भाऊजी कारखान्यातून तसेच आले. यांनी खण पुढे सरकवला. "बघ. आता कुठला कुणाचा ते मलाही ओळखता येत नाही."

भाऊजींनी एक पैसा उचलला, उलटा केला आणि हळूच खाली बसले. "दादा, सोमवारी मी बाजारातल्या नाणेवाल्याकडे गेलो होतो. रंग परत चढवता येतो का विचारायला."

"नाही येत."

"नाही येत म्हणाला. म्हणाला, वर्षानुवर्षं हवा लागते, माणसाचे हात लागतात, तेव्हा तो चढतो." त्यांनी पैसा परत खोबणीत ठेवला. "म्हणजे बाबांचा हात होता रे त्यांवर. माझ्याकडचा मी घालवला. तुझ्याकडचा तरी ठेवायचास."

हे एकदम माझ्याकडे वळले.

"घासलं ते फडकं कुठंय गं?"

काळंमिट्ट झालं होतं म्हणून मी ते सकाळीच कचऱ्यात टाकलं होतं.