शून्य पोत्यांचं गोदाम

आखाडा बाळापूरच्या ओमप्रकाशशेठनं गोदामात नवा कॉम्प्युटर आणला तेव्हा नारळ फोडला, पेढे वाटले, पडद्याला झेंडूचा हार घातला. गोदामाचा हिशोब ठेवणारा जुना प्रोग्राम या नव्या यंत्रावर चालतो का, एवढं विचारायचं मात्र राहून गेलं. जुनं यंत्र त्याच दिवशी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढलं होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

त्या प्रोग्राममधून छापील चिठ्ठी निघाल्याशिवाय गोदामातलं पोतं हलत नसे. शेठनं भिंतीवर पाटीच रंगवून घेतली होती : 'संगणक सांगेल तेच खरं.' आता संगणक मुका झाला होता आणि तांड्यावरचा फुलसिंग कालपासून शेठपुढं हात जोडून उभा होता. घरात उंदीर फार, म्हणून त्यानं सोयाबीनचं बियाणं इथं ठेवलेलं. रानात वाफसा आला होता. ऊन असंच तापलं तर ओल उडणार आणि पेरणी हुकणार.

त्याची बायको रुख्मिणीबाई मात्र हात जोडणाऱ्यांतली नव्हती. तिला दारातूनच आपली पोती दिसत होती. पोत्याचं तोंड लाल दोऱ्यानं, ज्याच्या त्याच्या टाक्यानं शिवायचं, ही तांड्याची रीत. बंजारे बैलांवर लोकांचा माल लादून मुलूख फिरत होते तेव्हापासूनची. टाका पाहिला की पोतं कुणाचं ते कळायचं. त्या काळी कुणी चिठ्ठी मागितली नव्हती.

"शेठ, ती बघा आमची पोती."

"दिसून राहिली, बाई. पण चिठ्ठी पाहिजे ना?"

"डोळ्याला दिसतंय ते खोटं अन् बंद पडलेला डबा खरा, व्हय?"

शेठनं पाटीकडं बोट केलं. रुख्मिणीबाईला अशी चीड आली की तिनं पाटीकडं पाहिलंसुद्धा नाही.

शेवटी हिंगोलीहून रणजीतला बोलावलं. तिथं तो कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. त्यानं जुन्या फ्लॉपीतला प्रोग्राम नव्या यंत्रात घातला. पडद्यावर एक काळी चौकट उघडली आणि लगेच मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

"हा डॉसच्या जमान्यातला आहे," रणजीत म्हणाला. "आता नव्या विंडोजला सांगायचं, की बाबा, याच्यापुरतं जुन्यासारखं वाग."

"म्हंजे नव्या सुनेनं मेलेल्या सासूवानी वागायचं," रुख्मिणीबाई म्हणाली. दारात खोळंबलेली माणसं हसली. शेठ तेवढा हसला नाही.

दुपार कलली तेव्हा चौकट उघडली आणि उघडीच राहिली. शेठनं हार सारखा केला. रणजीतनं बटण दाबलं, तसा आकडा आला. गोदामात शिल्लक पोती : शून्य.

"शून्य काहून?" शेठनं हळूच विचारलं.

"फ्लॉपीत नुसता प्रोग्राम होता. कुणाची किती पोती, ते जुन्या यंत्रात. ते कुठंय?"

ते कधीच फुटून वितळलं असणार. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? पण एवढ्या माणसांपुढं हे कबूल केलं तर पेढे वाया. शेठ खाकरला आणि मोठ्यानं म्हणाला, "यंत्र एकदम बराबर आहे. ते चुकत नसतं."

"शून्य दाखवून राहिलं की," रुख्मिणीबाई म्हणाली.

"मग शून्यच असंल," शेठ घाईघाईनं म्हणाला, आणि बोलून बसला.

रुख्मिणीबाईनं पदर खोचला. "चला," ती नवऱ्याला म्हणाली. फुलसिंग बिचकला, पण ती आत शिरलीसुद्धा होती. लाल टाक्याची पोती एकेक करून बैलगाडीत चढली. फाटकावर राखणदार रामकिशन आडवा आला.

"चिठ्ठी?"

"गोदामात पोतंच न्हाई, तर चिठ्ठी कशाची? इचार की शेठला."

रामकिशननं शेठकडं पाहिलं. पोती अडवायची तर आपलं यंत्र खोटं बोलतंय हे चारचौघांत सांगावं लागणार होतं. शेठनं एकदा पडद्यावरच्या हाराकडं पाहिलं, एकदा पाटीकडं.

"जाऊ दे," तो म्हणाला.

गाडी रस्त्याला लागली तरी फुलसिंगच्या जिवात जीव आला नव्हता. "पुढल्या साली शेठ आपलं बियाणं ठेवून घ्यायचा न्हाई."

"ठेवतंय कोण?" रुख्मिणीबाई म्हणाली. "त्याच्यापरीस उंदीर बरे. खातात, पण चिठ्ठी मागत न्हाईत."