कुंकू लागलेलं अणुघड्याळ

मित्रांनो, काटे नसलेलं घड्याळ तुम्ही पाहिलं आहे का? मी तसं एक जुनं अणुघड्याळ आहे. लातूरच्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटात काचेची कुपी आहे, तिच्यात रुबिडियम नावाच्या धातूची वाफ. त्या अणूंच्या ठरलेल्या लयीवर मी वेळ मोजतो. यानात बसून अवकाशात जायचं, हे माझं काम ठरलं होतं.

महानंदाबाईंनी मला घडवलं. हादऱ्यांच्या, थंडीच्या चाचण्या त्यांनीच घेतल्या. शेवटची चाचणी उरली आणि त्यांना दवाखान्यात भरती व्हावं लागलं. दुखणं बरं होणारं नव्हतं. मी वर जावं, एवढंच त्यांना हवं होतं.

त्यांचे पती रेवणप्पा तिथेच फिटर होते. जाताना त्या त्यांना म्हणाल्या, "खंडेनवमी आलीय. पान्या-हातोड्यांची पूजा करा, पण ह्याला काही लावू नका. कुंकवाला तुमचा हात लई सैल हाय."

"न्हाई लावत की. तू नीट जा."

खंडेनवमीला सगळी अवजारं पुजून झाली. रेवणप्पा माझ्यापुढे थांबले. तिचं घड्याळ तेवढं बिनपूजेचं ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी तेलात कालवलेलं कुंकू माझ्या झाकणाला लावलं. "तिला घरी येऊ दे," म्हणाले आणि लगेच फडक्याने पुसलं. स्क्रूच्या फटीत गेलेलं तेल त्यांना दिसलं नाही.

चाचणीत मला हवा काढलेल्या टाकीत ठेवून तापवलं. तेलाची वाफ झाली आणि तिचा थर सगळीकडे बसला. यानातल्या दुर्बिणीच्या काचेवरही असाच बसला असता. चाचणी घेणाऱ्या साहेबांनी मला बाद केलं.

रेवणप्पांनी माझ्याशेजारी उभं राहूनच दवाखान्यात फोन लावला.

"काय झालं हो?"

"पास झालं."

"कुंकू न्हाई ना लावलं?"

"न्हाई."

महानंदाबाई हसल्या. "मग लेक सासरी गेली म्हणायची. आता तुम्ही जेवून घ्या."

त्याच आठवड्यात त्या गेल्या.

आता मी प्लास्टिकमध्ये गुंडाळून फळीवर पडलो आहे. मला कुणी वीज देत नाही. रेवणप्पा समोरून जातात, पण मान वर करत नाहीत.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याला काय सोसतं ते आधी विचारा, आणि त्याने सांगितलं की तसंच वागा. रेवणप्पांना मी हे सांगत नाही. त्यांना ते कळलं आहे, आणि ज्यांचं ऐकायचं त्या आता नाहीत.