मेस्त्रींची कोकरं

मेस्त्रींनी उभी हयात दगडांना पॉलिश करण्यात घालवली. फरशा, ओटे, थडग्यांवरचे दगड, समोर येईल ते आरशासारखं करून द्यायचं. दगड चकचकीत होत गेले आणि त्यांची धूळ मेस्त्रींच्या छातीत बसत गेली. कारखाना सुटला तेव्हा केस अजून काळे होते, पण घराचा जिना चढताना त्यांना प्रत्येक वळणावर थांबावं लागे. पुढे तेही जमेना. खिडकीशी पलंग, पलंगाशी ऑक्सिजनचं मशीन आणि नाकात नळी, एवढंच त्यांचं जग उरलं.

त्यांच्या बायकोला सगळी चाळ मेस्त्रीणबाई म्हणूनच ओळखायची. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात सकाळपाळीला जायची आणि घरी आल्यावर मशीनवर शिवायची. हिवाळा सरत आला की खेळण्यांच्या दुकानाची मालकीण तिच्याकडे कापडाचं गाठोडं पाठवायची. वसंतात, ईस्टरच्या तोंडावर, दुकानात प्राण्यांच्या आकाराचे छोटे बटवे लागत. ससे, कोंबडीची पिल्लं आणि कोकरं. पाठीवर नाडी, पोटात मूठभर गोळ्या-चॉकलेटं मावतील एवढी जागा. ससे आणि पिल्लं साध्या कापडाची, कोकरं मात्र कुरळ्या, केसाळ कापडाची. ते कापड कापलं की त्याची लव खोलीभर उडायची.

पहिले काही दिवस मेस्त्री पलंगावरून नुसती थट्टा करत. एकदा एक ससा हातात घेऊन म्हणाले, "हा ससा आहे की उंदराला गालगुंड झालंय?" मेस्त्रीणबाई हसली आणि त्यांच्याकडे सुई फेकून म्हणाली, मग तुम्हीच करा याचं तोंड. त्यांनी केलं. दगडाच्या कडेवरून अंगठा फिरवून खोट शोधणारा माणूस तो. जाड, चिरा पडलेली बोटं होती, पण टाका असा बारीक पडला की ती बघतच राहिली. त्या दिवसापासून डोळे, नाकं आणि तोंडं शिवायचं काम मेस्त्रींकडे आलं. त्यांची पिल्लं जरा रागीट दिसायची, ससे चोरटे. कोकरांवर मात्र त्यांचा जीव. प्रत्येक कोकराचं तोंड वेगळं आलं पाहिजे हा हट्ट. एखादं तयार झालं की समोर धरून बघायचे आणि म्हणायचे, हा आपल्या कारखान्यातला क्रेनवाला. ही आमची अक्का, रुसलेली.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. खालच्याच मजल्यावर राहायची. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्यांना वाढवलं होतं. मेस्त्री पुन्हा जेवायला लागले, रात्री झोपायला लागले, ते पाहून तिलाही बरं वाटत होतं. जुन्या चादरींची अस्तरं ती कापून द्यायची.

मग डॉक्टरीण तपासायला घरी आली. तिने छाती ऐकली, बोटाला यंत्र लावून रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा पाहिला आणि मशीनची मागची जाळी उघडली. जाळीवर लवेचा पांढरा थर होता, बोटाने सोलून निघावा असा. मेस्त्रीणबाई ती जाळी रोज धूत होती. लव मशीनमध्ये अडकते म्हणजे छातीत जात नाही, अशी तिने मनाची समजूत घातली होती. डॉक्टरीण आवाज न चढवता म्हणाली की ही छाती आता कसलीही धूळ सोसणार नाही, कापड आजच्या आज या खोलीतून गेलं पाहिजे.

मेस्त्रीणबाईने सगळं गाठोडं अक्काकडे नेऊन टाकलं. अक्काने ते पलंगाखाली सारलं आणि म्हणाली की उरलेलं मी शिवते, त्याला हात लावू द्यायचा नाही. दोघींचं एकमत होतं.

मेस्त्रींनी भांडण केलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. खोली झाडून पुसून लख्ख झाली, मशीनची जाळी स्वच्छ राहू लागली आणि हा माणूस मात्र ताटातलं चिवडून परत करू लागला. काय होतंय विचारलं तर म्हणत, काही नाही. तिने रेडिओ आणला, शेजाऱ्याला गप्पांना बोलावलं. मेस्त्री दोघांकडेही पाठ करून राहिले. एकदा पाय चेपताना ती म्हणाली, तुमच्याच भल्यासाठी करतोय ना आम्ही. तेव्हा ते इतकंच बोलले, "भलं कळतं गं मला. पण दिवस कसा काढायचा, ते कुणी सांगत नाही."

त्या आठवड्यात धुलाईखान्यातला बॉयलर बंद पडला आणि बायकांना लवकर घरी सोडलं. मेस्त्रीणबाई जिन्याने वर येत होती. पहिल्या मजल्यावर, अक्काच्या दाराबाहेर, मेस्त्री पायरीवर बसलेले दिसले. नळी नव्हती. ओठ निळे पडले होते, हात कठड्याला घट्ट. दाराच्या आतल्या बाजूला अक्का उभी होती, दार धरून, रडत. ते खाली येऊन काम मागत होते आणि ती देत नव्हती. कोकरं मागतोय, ती मेस्त्रीणबाईला म्हणाली. लहान मुलासारखा कोकरं मागतोय.

दोघींनी मिळून त्यांना वर नेलं. नळी लावली, पाठ चोळली. रंग परत यायला बराच वेळ लागला. ते डोळे मिटून पडले, तशी मेस्त्रीणबाई खाली गेली, अक्काच्या पलंगाखालून गाठोडं ओढलं आणि उचललं. अक्काने ते दुसऱ्या टोकाला धरलं.

"तुला तो नकोसा झालाय का?" अक्का म्हणाली.

मेस्त्रीणबाईने गाठोडं सोडलं नाही. म्हणाली, "अक्का, ते असेही जाणार आहेत. भिंतीकडे बघत जाऊ देत म्हणता?"

अक्काने हात काढून घेतला. त्यानंतर ती वर आली नाही.

मेस्त्रीणबाईने जमेल तेवढं केलं. कापड ती धुलाईखान्यातच कापू लागली, झटकून, ओलसर करून घरी आणू लागली. थंडी असली तरी खिडकी उघडी ठेवायची आणि मेस्त्रींच्या अंगावर दोन पांघरुणं घालायची. मास्क आणला तर त्यांनी तो काढून ठेवला, त्यात जीव घुसमटतो म्हणाले. तरी लव यायचीच. खोकल्याची उबळ आली की ती शिवणयंत्रावरचा पाय थांबवायची. उबळ गेली की मेस्त्री हातानेच खूण करायचे, चालू दे. ते परत जेवू लागले. परत कोकरांना माणसांची नावं देऊ लागले. आणि महिन्याभरात अंगाने निम्मे झाले.

डॉक्टरीण आली तेव्हा मेस्त्रीणबाईने काहीच लपवलं नाही, कापड पलंगावरच होतं. डॉक्टरीण खुर्चीवर बसली. मेस्त्रींनी तिला एक कोकरू दाखवलं आणि विचारलं, ओळखा कोण. तिला ओळखता आलं नाही. जाताना दारात ती मेस्त्रीणबाईला म्हणाली की मी हो म्हणू शकत नाही, एवढंच समजून घ्या.

ईस्टर अगदी तोंडावर आला असताना, दुपारी, मेस्त्री गेले. शेवटचा तास वाईट होता. हवा आत जात नव्हती, ते तिच्या दंडाला धरून उठू बघत होते आणि तिला त्यांना धरून ठेवण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. रुग्णवाहिका आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. नंतर त्यांच्या मुठीतून सुई काढावी लागली.

अंत्यविधीला अक्का आली, भावाच्या पायांशी उभी राहिली आणि मेस्त्रीणबाईकडे न बघता गेली. चाळीत कुजबुज सुरू झाली. सशांपायी नवरा घालवला, असं कुणीतरी नळावर म्हणालं आणि ते तिच्या कानावर येईल अशी सोयही झाली. उरलेले बटवे तिने एकटीने पुरे केले, तोंडं सगळी सारखीच आली, आणि दुकानवालीला नेऊन दिले.

एके दुपारी कामावरून येताना अक्काचं दार उघडं होतं. अक्का उंबऱ्यात होती, जणू वाटच बघत होती.

"त्याला त्रास झाला का गं?" तिने विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. मेस्त्रीणबाईच्या तोंडावर आलंही होतं. पण या बाईने त्यांना अंगाखांद्यावर वाढवलं होतं.

"झाला," ती म्हणाली. "फार झाला."

"कापडामुळे?"

"माहीत नाही, अक्का. थोडा कापडामुळे असेल. मी रोज विचार करते."

अक्का चौकटीला टेकली. मेस्त्रीणबाईने तिला धरायला हात पुढे केला. अक्काने तो बाजूला सारला, स्वतःच स्वतःला सावरलं आणि दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मेस्त्रीणबाई जिना चढून वर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळपाळी होती.