विभूतीचा बैल

उदगीरपासून चार कोसांवरच्या त्या वाडीत हुसेनबी बाईंचं बिऱ्हाड टिकून होतं ते दोन घागरींवर. एक सकाळची, एक दिवेलागणीची. दोन्ही दानम्माच्या आडातल्या.

गावातल्या बाकीच्या आडांनी पौषातच हात वर केले होते. दानम्माच्या परसातला तेवढा अजून पाझरत होता, आणि ती सत्तरीची म्हातारी कठड्यावर बसून कुणाला किती द्यायचं ते ठरवायची. हुसेनबीच्या आधीची मास्तरीण तिच्याशी एकदा उलट बोलली आणि तिचं पाणी तुटलं. महिनाभर सोसलं तिनं, मग बदली मागून निघून गेली. पुढं चार महिने शाळा एकट्या मन्मथ गुरुजींवर. म्हणजे, उघडायची तेव्हा उघडायची. हुसेनबी आल्यापासून ती रोज भरत होती.

अशात चैत्रात पंचायत समितीतून कागद आला. लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती, तरी कागदावर ‘नवनिर्मित’ असतंच, जशी वर्षानुवर्षं घरातली धाकटी सून ‘नवी’च राहते. नवनिर्मित जिल्ह्यात बालचित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. प्रत्येक प्राथमिक शाळेनं पाच चित्रं पाठवावीत. जलरंगात.

मन्मथ गुरुजींनी चष्मा कपाळावर ढकलला. “जल बी न्हाई अन् रंग बी न्हाई. उरलं काय मग?”

“लेकरं,” हुसेनबी म्हणाली.

तिचे वडील उदगिरात मोहरमचे ताबूत बांधायचे. कागद चिकटवायची चिंचोक्याची खळ तिनं लहानपणापासून ढवळलेली. त्याच खळीत तिनं काव कालवली, हळद कालवली, चुलीतला कोळसा कालवला. पळसाची फुलं उकळून केशरी केला. पाणी घातलं ते आपल्या घागरीतलं. त्या आठवड्यात तिनं केस धुतले नाहीत. कागद मिळाला तो पाझर तलावाच्या कामावरच्या सिमेंटच्या पोत्यांचा, खाकी.

आता खाकी कागदावर पांढरा हवाच, आणि शाळेला खडू मोजून यायचे. ती वर्गाला म्हणाली, “घरी जे पांढरं असेल ते चिमूटभर आणा.”

चूक झाली ती इथं. काय पांढरं, ते सांगायचं राहिलं.

एकानं ज्वारीचं पीठ आणलं. त्याला तिनं आल्या पावली परत पिटाळलं. एकानं आजोबाची चुन्याची डबी पळवली होती. शिवम्मानं मात्र फडक्यात बांधून ओंजळभर पूड आणली. आठ वर्षांची, दानम्माची नात. पूड अशी मऊ की बोटाला लागली तरी कळू नये.

“चुना का गं?”

“हाव,” शिवम्मा म्हणाली. बाई खूश होत असल्या की ती कशालाही हाव म्हणायची.

तिनं बैल काढला. अख्ख्या कागदभर, पांढराशुभ्र. पोरं गोळा झाली. “बाई, शिवीचा बैल बघा कसा चमकायलाय!” मग मलप्पा नावाच्या नाकाच्या तिखट पोरानं हुंगलं आणि म्हणाला, “बाई, हिचे हात मठातल्यावानी वासायलेत.”

“वासणारच,” शिवम्मा फुशारकीनं म्हणाली. “आज्जीच्या पेटीतली विभूती हाय. मीच वाटली पाट्यावर.”

हुसेनबीच्या हातातली काडी थांबली. “पेटीतली? की रोज कपाळाला लावतात ती?”

“रोजची देवळीत असती. ही पेटीतली. नव्या इरकल लुगड्यात बांधलेली.”

उदगिरात हुसेनबीच्या शेजारच्या पार्वतीबाईंनी तिला एकदा अशीच पेटी मोठ्या कौतुकानं उघडून दाखवली होती. नवं लुगडं आणि विभूतीची गट्टी. शेवटच्या दिवसाची तयारी. लिंगायतांत गेलेल्या माणसाला समाधीत बसवताना संगं द्यायची.

तिनं उरलेली पूड पाहिली. चिमूटभरही नव्हती.

मधल्या सुट्टीत तिनं गुरुजींना सांगितलं. ते स्वतः रोज तीन आडवी बोटं ओढणारे. त्यांचा हात आपसूक कपाळाकडं गेला. मग इकडंतिकडं बघून ते हळूच म्हणाले, “बाई, गप बसा. म्हातारी पेटी कशाला उघडती? अन् उघडायची वेळ येईल, तवा तिला कळायचं न्हाई.”

“गुरुजी!”

“तसं नव्हं. गाव चांगलं हाय, पण गावाला तोंड हाय. आपली विभूती, तुमची खळ… कोण काय धरून बसंल. तिनं पाणी तोडलं तर तुम्ही जाल. मग मी हायच, अन् हे कुलूप हाय.”

गुरुजींचं खोटं नव्हतं. पण संध्याकाळी त्याच म्हातारीपुढं घागर धरायची, आणि पोटात ही गोष्ट ठेवून ते पाणी प्यायचं, हे हुसेनबीला जमण्यासारखं नव्हतं.

शाळा सुटल्यावर तिनं एका हातात चित्र घेतलं, दुसऱ्या हातात शिवम्माचा हात. परसात शिरली तेव्हा दानम्मा कठड्यावरच होती, एकटी.

“अव्वा, एक सांगायचंय,” हुसेनबी म्हणाली, आणि श्वास न घेता सगळं सांगून टाकलं. “लेकराला बोलू नका. पांढरं आणा म्हणाले ते मीच.”

दानम्मानं विचारलं, “सगळी वाटली?”

“सगळी.”

“खळ कशाची?”

“चिंचोक्याची. मीच कालवली.”

“ह्यांनी श्रीशैलहून पायी आणल्या होत्या दोन गट्ट्या. एक त्यांच्यासंगं गेली.” म्हातारी आडात बघत म्हणाली. “मग आता मी कशी जाऊ?”

शिवम्मा बाईंच्या पदरामागं सरकली.

“आण बघू इकडं.” दानम्मानं कागद हातभर लांब धरला, डोळे बारीक केले. “हे काय, शेरडू?”

“बैल हाय!” पदरामागून फणकारा आला. “आपला. चाऱ्याच्या छावणीतला.”

“वशिंड कुठाय मग?”

“कागद संपला.”

दानम्माच्या तोंडून आधी नुसता वारा आल्यासारखा आवाज आला. मग ती हसली. खोकला येईस्तोवर हसली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, आणि हुसेनबी आपली वेड्यासारखी तिची पाठ चोळत राहिली.

“बाई, तुला खरं सांगू?” दम खात म्हातारी म्हणाली. “दोन महिने झाले, अर्ध्या भाकरीवर उठायलीय मी. म्हणलं, पेटी तयार हाय, ह्या उन्हाळ्यात निघावं. एक तोंड कमी, एक तांब्या कमी. आता जाता येतंय का? ह्यांच्यापुढं रिकाम्या हातानं जाऊन सांगू काय, नातीनं बैलाला फासली म्हणून?” तिनं डोळे पुसले. “पुढच्या शिवरात्रीला कुणीतरी जाईल श्रीशैलला, नवी गट्टी आणंल. तवर थांबणं आलं. शिवम्मे, जा, आईला म्हण आज्जीला अख्खी भाकर वाढ. अन् पुन्हा पेटीला हात लावलास तर बघ.”

शिवम्मा पळाली.

“हा कागद लातूरला धाडा. पण वशिंड काढून. न्हाईतर म्हणतील, त्या वाडीत बैल बी धड न्हाईत.”

“अव्वा,” हुसेनबी चाचरत म्हणाली, “उद्यापासनं पाण्याला…”

“उद्यापासनं लवकर येत जा. सूर्य कासराभर वर आल्यावर उगवतीस तू. तवर निवळ पाणी संपून गाळ उरतंय.”

शाळेजवळच्या लिंबाखाली मन्मथ गुरुजी वाट बघत उभे होते, घरी न जाता. लांबूनच त्यांनी हातानं विचारलं, काय?

हुसेनबी पारावर मटकन बसली. तोंडावरचं हसू काही केल्या आवरत नव्हतं.

“तोडलं का पाणी?”

“नाही. शिवरात्रीपर्यंत थांबते म्हणाल्या.”

“कशाला थांबती?” गुरुजी गोंधळले.

“सांगते. आधी एक खडू द्या,” ती म्हणाली, आणि मांडीवर कागद सरळ केला. “कागदाला वर जोड द्यावा लागणार, गुरुजी. बैल बसत नाही.”